प्राजक्ताला आलेल्या दोन नोकऱ्या

“म्हणजे पैसे आधी मागितले, की नोकरी खोटी?”

“ही पहिली खूण,” निंभोरकर गुरुजी म्हणाले. “खरी कंपनी पगार देते. मागत नाही.”

गोदाबाईंनी मान हलवली आणि तुरीची आणखी एक शेंग उचलली.

करंजखेडच्या महानुभाव आश्रमातली ही दुपार. ओसरीवर ऊन आलं होतं. गोदाबाई तिथल्या सर्वांत वडील तपस्विनी. अंगावर पांढरं लुगडं, तोंडात चार-दोन दात, बोलणं थोडं. गुरुजी तालुक्याच्या गावाहून स्कूटरवर आले होते. तिथल्या हायस्कूलचे ते निवृत्त मुख्याध्यापक. येताना त्यांनी नमस्कार केला, बाईंनी ‘दंडवत’ म्हटलं आणि बसायला सतरंजी दिली.

सतरंजीच्या पलीकडे, खांबाला टेकून प्राजक्ता बसली होती. गुरुजींची एकुलती एक मुलगी. तिच्याही पुढ्यात सूप होतं, सुपात शेंगा होत्या. वडील आल्यापासून तिनं मान वर केली नव्हती.

“आणखी कशावरून ओळखायचं?” गोदाबाईंनी विचारलं.

“मुलाखत घेत नाहीत. सगळं मेसेजवर. आवाज ऐकायला मिळत नाही, तोंड दिसत नाही. पत्ता विचारला तर टाळतात. आणि दिलाच, तर तिथं जाऊन बघावं... सलून निघतं.”

“अरे देवा.”

“आणि घाई. आज संध्याकाळपर्यंत भरा, उद्या जागा राहणार नाही. माणसाला विचार करायला उसंतच द्यायची नाही. पगार मात्र असा सांगतात, की तेवढ्या कामाला कुणी शहाणा देणार नाही.”

गुरुजींचा आवाज ओसरीभर घुमत होता. जन्मभर वर्गावर बोललेला माणूस. त्यांनी तयार केलेली मुलं वक्तृत्वाच्या स्पर्धेतून ढाल घेतल्याशिवाय परतत नसत.

“आमच्या गावात कुणाच्याही मोबाईलवर असलं काही आलं, की लोक आधी माझ्याकडे येतात,” ते म्हणाले. “गुरुजी, बघा बरं, खरं की खोटं? मी एका नजरेत सांगतो. वाचनालयात माझं व्याख्यान ठेवलं होतं यावर. बसायला जागा नव्हती.”

“आणि इतकं असून...”

गोदाबाई थांबल्या.

“इतकं असून माझ्याच घरात चोर शिरला,” गुरुजी म्हणाले. “म्हणूनच आलोय, बाई. ही तुमचं ऐकते. माझ्याशी दिवाळीपासून बोललेली नाही. तुम्ही हिला एवढं समजावा, की हे ओळखायचं असतं. ओळखता येतं. मी घरात असताना हिनं मला विचारायला हवं होतं.”

गोदाबाईंनी शेंगेतले दाणे वाटीत टाकले.

“ही आली तेव्हा मी हिला काही विचारलं नाही,” त्या म्हणाल्या. “हिनंही सांगितलं नाही. काय झालं होतं गं, माय?”

प्राजक्तानं मान वर केली. तिचे ओठ हलले.

“टा... टा...”

“टायपिंगचं काम,” गुरुजी म्हणाले.

प्राजक्तानं मान खाली घातली.

ती लहानपणापासून अडखळे. शब्द ओठांवर येऊन अडे, मान ताठ होई, डोळे मिटत. सर्वांत जास्त ती स्वतःच्या नावावर अडे. ते नाव गुरुजींनीच हौसेनं ठेवलं होतं. मग गुरुजी तिच्या वतीनं बोलू लागले. दुकानात, दवाखान्यात, बघायला आलेल्या पाहुण्यांसमोर. पाहुणे मुलीला काही विचारत आणि उत्तर बापाकडून ऐकून जात. ती तिशीची झाली, आई वारली, तरी हे तसंच राहिलं. घरात तिच्या तोंडून पुरं वाक्य शेवटचं कधी ऐकलं, हे गुरुजींना आठवलं नसतं. तसं त्यांना कुणी विचारलंही नव्हतं.

“मोबाईलवर आलं,” ते सांगू लागले. “घरबसल्या टायपिंग. ते पानांचे फोटो पाठवणार, हिनं ती पानं टाइप करून द्यायची. मुलाखत नाही, चौकशी नाही. बोलायची गरजच नाही, म्हणाले. नोंदणीसाठी पैसे भरा. हिनं आईच्या बांगड्या मोडल्या. मला न विचारता!”

“मग?”

“मग बसली टाइप करत. मला वाटलं, काही वाचतेय. पानं दिली, तर म्हणाले, चुका फार आहेत. तुम्ही करार मोडला. दंड भरा. मग कुणी वकील म्हणून फोन करायला लागला. कोर्टात खेचतो, पोलीस पाठवतो, बापाची अब्रू काढतो... रोज. सकाळी, दुपारी.”

“तुम्हाला कळलं नाही?”

“ही सांगेल तर कळेल! एक दिवस ही अंघोळीला गेली होती. फोन वाजला, मी उचलला.”

गुरुजी थांबले. घुमणारा आवाज एकदम उतरला.

“त्याला वाटलं, हीच आहे. मी काही बोलायच्या आत त्यानं सुरू केलं. म... म... मॅडम, पै... पै... पैसे... हिची नक्कल करत होता, बाई. मागं दोघं-तिघं हसत होते.”

प्राजक्ता शेंग सोलत होती. दाणा सुपाबाहेर पडला. तो तिनं उचलून आत टाकला.

“मी त्याला सोडलं नाही,” गुरुजी म्हणाले. “पोलिसांत तक्रार दिली. तो नंबर बंद झाला. बांगड्या गेल्या त्या गेल्या. मी हिला रागावलो, ते खरं. रागावणार नाही तर काय? म्हटलं, सारा गाव मला विचारतो आणि माझ्या पोटची पोर...”

“त्याच दिवशी ही घराबाहेर पडली.”

“हो.”

पुढचं गोदाबाईंना ठाऊक होतं. आश्रमातल्या दोघी जणी भिक्षा मागून परतत होत्या. कालव्याच्या काठावर एक मुलगी पाण्यात पाय सोडून बसलेली त्यांना दिसली. चपला काढून नीट जोडीनं बाजूला ठेवलेल्या. त्या दोघींनी तिला काही विचारलं नाही. एक जण फक्त म्हणाली, जेवली का गं, माय? चल, झोळीत भाकर आहे. ती उठली आणि त्यांच्या मागोमाग आली. तेव्हापासून ती इथंच होती.

“हिनं फक्त मला विचारलं असतं,” गुरुजी म्हणाले, “तर हे टळलं असतं. मागच्या खेपेला नाही का टळलं?”

गोदाबाईंनी वर पाहिलं.

“मागच्या खेपेला?”

“गेल्या वर्षी हिला असंच एक काम आलं होतं. घरबसल्याच. तेव्हा मला दाखवलं, म्हणून वेळेवर वाचली.”

“तेही खोटं होतं?”

“मी पुढं जाऊच दिलं नाही.”

“कसलं काम?”

“पुण्याची कुठली संस्था होती. व्याख्यानांच्या ध्वनिफिती पाठवायच्या, हिनं त्या ऐकून लिहून काढायच्या. हिचा हात चांगला आहे. शुद्धलेखन मीच पक्कं करून घेतलंय.”

“त्यांनी आधी पैसे मागितले?”

“नाही.”

“मेसेजवरच बोलत होते?”

“नाही... एक बाई फोन करायच्या. मुलाखतही घेतली. दोनदा.”

“पत्ता टाळला?”

“पत्ता कागदावर होता.”

“मग घाई केली असेल.”

“पंधरा दिवसांत विचार करून कळवा, म्हणाले होते.”

गोदाबाईंचे हात थांबले.

“गुरुजी, मग तुम्ही कोणत्या खुणेवरून ओळखलं?”

गुरुजींनी चष्मा काढला. रुमालानं पुसला. पुन्हा घातला.

“त्यांनी पॅनकार्ड मागितलं होतं. बँकेचं पासबुक मागितलं होतं.”

“पगार जमा करायला ते लागत नाही का?”

“लागतं...”

“मग?”

“पगार मोठा होता.”

“कामाच्या मानानं?”

“कामाच्या मानानं... बरोबर असेल. मी हिच्या मानानं म्हणतोय.”

त्यांनी प्राजक्ताकडे पाहिलं. ती पाहत नव्हती. तरी त्यांनी आवाज खाली आणला, जणू ती झोपली आहे आणि जागी होऊ नये.

“बाई, तुम्ही ती मुलाखत ऐकली नाही. मी शेजारच्या खोलीत होतो. नाव काय, असं विचारलं आणि हिला नाव सांगता येईना. मी दाराशी उभा. घामानं भिजलो. मनात म्हटलं, ठेवतील आता फोन. आणि दोन दिवसांनी यांचं पत्र, की तुम्हाला घेतलंय! कोणती खरी कंपनी अशा मुलीला घेईल? बोलता येणाऱ्या पोरी रिकाम्या बसल्यात गावात. मी त्यावरूनच ओळखलं. हिला घेतायत, म्हणजे नक्की खोटं.”

“आणि मग?”

“मी फोन केला त्या बाईंना. सुनावलं चांगलं. म्हटलं, असल्या दुबळ्या पोरी हेरून फसवता, लाज वाटत नाही? परत फोन आला तर पोलिसांत देईन. पुन्हा फोन आला नाही त्यांचा. खरी असती, तर आला नसता का?”

गोदाबाई प्राजक्ताकडे वळल्या.

“माय, त्या पुण्याच्या बाई कशा होत्या गं?”

प्राजक्ताचे हात सुपात थांबले.

“त्या...”

गुरुजींनी तोंड उघडलं. गोदाबाईंनी ओंजळभर शेंगा उचलल्या आणि त्यांच्या मांडीवर ठेवल्या.

“हे सोला, गुरुजी.”

गुरुजी शेंगांकडे पाहत राहिले. मग त्यांनी एक शेंग हातात घेतली.

“त्या... था... थां...”

प्राजक्ताचे डोळे मिटले. मान ताठ झाली. गुरुजींच्या हातातली शेंग चिरडली. गोदाबाई नुसत्या बसून होत्या. त्यांना कुठं जायचं नव्हतं.

“...थांबल्या.”

“थांबल्या?”

“माझं ना... नाव पुरं... होईपर्यंत. मग म्हणाल्या... छा... छान नाव आहे.”

“आणि मग ती नोकरी तू का सोडलीस?”

“बा... बाबा म्हणाले... खोटी.”

“तू मानलंस.”

प्राजक्तानं मान हलवली. थोड्या वेळानं ती पुन्हा बोलू लागली. या वेळी तिला कुणी काही विचारलं नव्हतं.

“मग मला वा... वाटलं... ती बाई इतकी... चांगली... ती पण खो... खोटी. मग खरं... क... कसं असतं? मला क... कळेनाच.”

तिनं श्वास घेतला.

“दुसरे म्हणाले... बो... बोलू नका. नु... नुसतं टाइप करा. मला वाटलं... खरे लोक... अ... असेच बोलत असतील माझ्याशी.”

गुरुजी शेंगा सोलत होते. सालं आणि दाणे एकाच ढिगात पडत होते.

गोदाबाईंनी त्यांच्याकडे पाहिलं.

“गुरुजी, ती पहिली होती का खोटी?”

“मी सांगितलं ना...”

“तुम्ही ओळखलं कसं, ते सांगितलं. होती का, ते विचारते.”

अंगणात एक चिमणी उतरली. सांडलेला दाणा घेऊन उडाली.

“नव्हती,” गुरुजी म्हणाले.

प्राजक्ता हलली नाही.

“केव्हा कळलं?” गोदाबाईंनी विचारलं.

“उन्हाळ्यात. अमरावतीला एका लग्नात. माझी एक जुनी विद्यार्थिनी भेटली. पाया पडली. म्हणाली, सर, मी पुण्याला असते, व्याख्यानं लिहून काढायचं काम करते. संस्थेचं नाव सांगितलं, तर तीच. म्हणाली, आमच्याकडे तुमच्या गावची एक मुलगी निवडली होती. निवडीच्या परीक्षेत सगळ्यांच्या वर होती. तिच्या वडिलांनी आमच्या बाईंना फोनवर इतकं वाटेल ते सुनावलं, की त्या टेबलावर डोकं ठेवून रडल्या. नाव मला कळलं नाही. कोण हो सर ते? तुम्ही ओळखत असाल.”

“तुम्ही काय म्हणालात?”

“मी म्हटलं... असतात असे लोक. आणि जेवायला गेलो.”

“घरी येऊन हिला सांगितलं?”

गुरुजींनी मान हलवली. नाही.

“दुसरं काम हिला केव्हा आलं?”

“श्रावणात.”

गोदाबाईंनी वाटी बाजूला सारली.

गुरुजीच बोलले. भरभर, कुणी अडवेल अशा भीतीनं.

“सांगून काय उपयोग होता, बाई? ती जागा केव्हाच भरली होती. हिला उगाच हळहळ लागली असती. आणि एकदा बापाचा शब्द चुकला म्हटल्यावर पुढं हिनं माझं ऐकलं असतं का? मला तिची काळजी होती. मी वाचवायलाच...”

वाक्य त्यांच्याच्यानं पुरं झालं नाही. ते पुरं करायला कुणी पुढं आलं नाही.

प्राजक्ता आता वडिलांकडे पाहत होती. दिवाळीपासून पहिल्यांदा. त्या नजरेत राग असता, तर गुरुजींना बरं वाटलं असतं. राग त्यांना समजावता आला असता. ती बाजारात ओळखीचा वाटलेला, पण जवळ गेल्यावर परका निघालेला माणूस पाहावा, तशी पाहत होती.

“परीक्षेत...” ती म्हणाली, “स... सगळ्यांच्या वर?”

“हो,” गुरुजी म्हणाले.

“मा... माहीत होतं तुम्हाला.”

“हो.”

तिनं सूप उचललं. उभी राहिली. आत जायला निघाली.

“प्राजू,” गुरुजीही उठले. मांडीवरची सालं सतरंजीवर सांडली. “झालं ते झालं. चल घरी. मी त्या पुण्याच्या बाईंना फोन करतो, माफी मागतो. तुझ्यासाठी शब्द टाकतो. येतेस ना?”

प्राजक्ता दारात थांबली.

“म... मी...”

“येते म्हणतेय,” गुरुजी गोदाबाईंना म्हणाले.

गोदाबाईंनी त्यांच्याकडे पाहिलंही नाही.

“तू बोल, माय. ऊन अजून आहे.”

“मी... इ... इथंच... रा...”

गुरुजींनी ओठ आवळून धरले.

“...राहीन. काम शो... शोधीन.”

“पुन्हा काम?” गुरुजींचा आवाज चढला. “इथं बसून? पुन्हा मोबाईलवर? आणि ते खरं की खोटं, हे कोण बघणार?”

“म... म...”

वेळ लागला. नेहमी लागे तेवढाच.

“...मी.”

ती आत गेली. आतून कुणी तरी तिला मीठ कुठं आहे ते विचारलं. तिनं सांगायला सुरुवात केली, आणि विचारणारी थांबून राहिली.

गुरुजी ओसरीवर उभे होते. खाली वाकून त्यांनी सालं गोळा केली. कुठं टाकावी ते कळेना, म्हणून हातातच धरली. मग पायरी उतरले. अंगणात जाऊन थांबले आणि मागं वळले.

“पुण्याला फोन केला, तर त्या बाई बोलतील माझ्याशी?”

“मला काय ठाऊक?” गोदाबाई म्हणाल्या.

“तिला सांगा, की...” त्यांनी विचार केला. “नाही. काही सांगू नका.”

गोदाबाईंनी मान हलवली.

गुरुजी स्कूटरपर्यंत गेले. किल्ली लावली. पुन्हा थांबले. वय एकदम अंगावर आल्यासारखे दिसत होते.

“बाई, आज घरी जाईन, तर दारात कुणी तरी मोबाईल घेऊन उभं असेल. रोज असतं. गुरुजी, बघा बरं, खरं की खोटं? माझ्यावर विश्वास आहे लोकांचा.” त्यांनी हातातली सालं दुसऱ्या हातात घेतली. “मी त्यांना आता काय सांगू?”

गोदाबाईंनी वाटी मांडीवर घेतली. एक शेंग सोलली. दुसरी घेतली.

“सांगा, गुरुजी घरी नाहीत.”